शब्बाथच्या पेल्याला साक्षीला ओढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाइनविक्रीवर आपल्या दैनिकात चाललेल्या चर्चेतली दोन पत्रे वाचली आणि राहवेना म्हणून लिहिते आहे. एका वाचकाने विचारले, 'येशूने स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला, मग वाइनला नावे का ठेवता?' दुसऱ्याचे म्हणणे, 'ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मातच दारू आहे, ती आपल्या संस्कृतीत कशाला?' सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ च्या जानेवारीत घेतला, तेव्हाही असेच युक्तिवाद कानावर आले होते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली आहे. मूळ गाव अलिबागकडचे, मातृभाषा मराठी. त्यामुळे 'आपल्या संस्कृतीत' हे शब्द मला जरा लागलेच.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. आमच्या घरी त्याच्या पेल्यात दारूचा थेंबही नसे. आजी गुरुवारी रात्री बियांच्या काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घालायची. शुक्रवारी दुपारी त्या हाताने चांगल्या कुस्करायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या आणि चोथा पुन्हा थोड्या पाण्यात घालून पिळायचा. फडके जांभळे व्हायचे, ते कितीही धुतले तरी डाग जात नसे, म्हणून त्या कामाला एकच फडके ठेवलेले होते. संध्याकाळी दिवे लागले की वडील पेला काठोकाठ भरून हातात धरत आणि किद्दुश, म्हणजे त्या पेल्यावरची प्रार्थना, म्हणत. मग तो पेला घरभर फिरे आणि आम्हा मुलांनाही एकेक घोट मिळे. कोकणात द्राक्षे नव्हती, मनुका मिळत, म्हणून आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या मनुकांच्या शरबतावरच शब्बाथ पाळला.

ही पळवाट आहे असे कुणाला वाटू नये. घडातली द्राक्षे पिळून त्या ताज्या रसावरही किद्दुश म्हणता येतो, असे तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात स्पष्ट आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या 'शुल्हान आरुख' या धर्मनियमांच्या ग्रंथात मनुकांच्या रसालाही मान्यता आहे. प्रार्थनेचे शब्द बघा: 'द्राक्षवेलीचे फळ निर्माण करणाऱ्या' देवाचे आभार. त्यात वेल आहे, फळ आहे, नशा कुठेच नाही.

पेसाह हा मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, त्याच्या रात्री चार पेले असतात. देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बोटाने बाहेर काढायची रीत अनेक घरांत आहे. त्याचा अर्थ असा सांगतात की ज्यांनी आपल्याला गुलाम केले तेही मेलेच ना, मग आपला आनंदाचा पेला पूर्ण भरलेला कसा राहील? ताटलीच्या कडेला ओळीने ठेवलेले ते दहा थेंब मला अजून दिसतात. ज्या पेल्यातून माणूस शत्रूसाठी थेंब काढतो, त्याचा पुरावा दारूच्या दुकानासाठी द्यायचा?

प्रामाणिकपणे सांगायचे तर उलट बाजूचेही आहे. पुरीमला, म्हणजे आमच्या लोकांच्या 'होळीच्या सणाला', शुद्ध हरपेपर्यंत प्यावे असे एक वचन तालमुदात आहे. पण त्याच्याच पुढे, त्या सणाला प्यालेल्या एका रब्बीने (धर्मपंडिताने) दुसऱ्याचा गळा कापल्याची कथा येते. ती तिथे उगाच आलेली नाही असे मला वाटते. आमच्याच शास्त्रात नोहाची नशेतली फजिती आहे, सेवेला जाणाऱ्या याजकांना मद्याची बंदी आहे आणि नाजीर व्रत घेणाऱ्याला तर मनुकाही वर्ज्य आहेत.

ख्रिस्ती परंपरेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण वसईच्या मैत्रिणीबरोबर अनेकदा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले आहे. कॅथलिक मिस्साला द्राक्षांची खरी वाइन लागते, हे खरे. ती चषकात ओतल्यावर धर्मगुरू तिच्यात थोडेसे पाणी घालतात. पण सामान्य भाविकांना तो चषक कित्येक शतके मिळतच नव्हता. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने तसा नियमच केला आणि बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकाचे अनुयायी चषकाच्या हक्कासाठी लढले. ती माणसे पिण्यासाठी लढली असे कुणी म्हणेल का? आणि अमेरिकेत १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने न आंबणारा द्राक्षांचा रस तयार केला, तो प्रभुभोजनासाठीच, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीसाठीच. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाचा दाखला देणाऱ्यांनी प्रेषित पौलाचे करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्रही वाचावे. प्रभुभोजनाला एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो, म्हणून त्याने मंडळीला चांगलेच फटकारले आहे.

आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, तेव्हा धर्मविधीच्या वाइनसाठी त्यात वेगळी तरतूद ठेवली गेली. दारूबंदीसाठी इतके आग्रही असलेल्या सरकारलाही वेदीवरचा चषक आणि दुकानातली बाटली यांतला फरक कळत होता.

वाइन कुठे विकावी यावर वाद जरूर घाला. नाशिकच्या बागायतदाराचे उत्पन्न, सरकारचा महसूल, दारूपायी उद्ध्वस्त झालेले संसार, हे सगळे त्या वादात यायलाच हवे. मला स्वतःला किराणा सामानाशेजारी बाटल्या नकोत. पण ते मी एक आजी म्हणून सांगते, माझ्या धर्माचा आधार घेऊन नाही. त्या दोन्ही पत्रलेखकांना एवढीच विनंती की आमचा पेला यातून बाहेर ठेवावा. आणि संपादक महोदय, 'ज्यूंच्या धर्मात दारू आहे' हे वाक्य आपल्या पानावर तसेच छापले गेले आहे, त्याच पानावर हे पत्रही छापावे.

आपली,
एक वाचक, ठाणे