तिजोरीतला आकडा म्हणजे विजय नव्हे

संपादक महोदय,

अंतराळातील डावपेचांचे संगणकीय खेळ रचणाऱ्या आपल्याकडील तरुणांनी ‘आर्थिक विजय’ ही, म्हणजे लढाईऐवजी पैशाच्या बळावर डाव जिंकण्याची, अट अधिक गांभीर्याने घ्यावी, म्हणून हे पत्र. बहुतेक खेळांत ही अट म्हणजे तिजोरीतला एक आकडा असतो. २००८च्या ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’ या साम्राज्य उभारण्याच्या खेळात वीस हजार सोन्याची नाणी साठवून जागतिक बँक उभारली की डाव जिंकता येतो. प्रतिस्पर्ध्याला हात न लावता मिळणारा असा विजय मला तरी मुदत ठेवीसारखा वाटतो.

याउलट, सोरेन जॉन्सन यांनी रचलेल्या आणि २०१६मध्ये आलेल्या ‘ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी’ या व्यापाराच्या खेळात मंगळावर एकही तोफ धडधडत नाही, प्रतिस्पर्ध्यांच्या कंपन्यांचे समभाग विकत घेऊन त्या गिळंकृत करणे हाच विजय. भाच्याबरोबर खेळताना काच महाग झालेली पाहून मी घाईघाईने काचेचे कारखाने उभारले. माझाच माल बाजारात ओतल्यावर भाव कोसळला, आणि इकडे वसाहतीला लागणारा प्राणवायू चढ्या दराने आपोआप खरेदी होऊन कर्ज वाढत गेले. कर्जामुळे माझा समभाग स्वस्त झाला आणि भाच्याने तो शांतपणे उचलला. समभागांवर खर्चलेला पैसा कारखान्यांना मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक खरेदी हा जुगारच ठरतो. शिवाय प्रत्येकाच्या समभागाचा भाव पडद्यावर सतत दिसत असल्याने धोक्याची चाहूल सर्वांना वेळीच लागते. फक्त आकडा मोजणाऱ्या अटीत नेमके हेच हरवते.

आपला,
एक वाचक, ठाणे