विषय: काचेची फिल्म कडेने सुटणे आणि सूचनापत्रकातील गंभीर चुका

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या केंद्रात माझ्या गाडीच्या काचांना फिल्म बसवून घेतली. गाडी ताब्यात देतानाच आपल्या कर्मचाऱ्याने चालकाकडची काच खाली-वर करून दाखवली. काच वर जाताना फिल्मची वरची कड रबरात अडकून सुटली आणि तिथे आडवी घडी पडली. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, "महिनाभर थांबा, सुकल्यावर बसेल."

हे उत्तर मला मान्य नाही. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात. पाणी कितीही निपटले तरी थोडी ओल आत राहते आणि ती फिल्ममधून हळूहळू उडून जाते. त्यामुळे सुरुवातीचा धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे काही आठवड्यांत जातात. त्यासाठी थांबायला माझी हरकत नाही. पण घडी सुकून सरळ होत नाही, आणि सुटलेल्या कडेच्या गोंदाला धूळ लागली की तो पुन्हा धरत नाही. गोंद ओला असतो म्हणूनच पहिले तीन ते पाच दिवस काचा खाली घ्यायच्या नसतात. थंड किंवा दमट हवेत त्याहूनही जास्त. हे ग्राहकाच्या आधी आपल्या माणसांना माहीत हवे.

सूचनापत्रक तर नुकसानच करणारे आहे. "फुगे बोटाने दाबून काढा" असे त्यात छापले आहे. ओली फिल्म दाबली तर सरकते, आणि तो वळ कायमचा राहतो. "दुसऱ्या दिवसापासून कोणत्याही ग्लास क्लीनरने पुसा" हीसुद्धा चूकच. अमोनिया असलेल्या क्लीनरने फिल्म आणि गोंद खराब होतात. आतून महिनाभर काही न पुसणे उत्तम. नंतर मऊ मायक्रोफायबर आणि सौम्य साबणाचे पाणी पुरते. फिल्म सुकेपर्यंत मागच्या काचेचा डिफॉगर (काच तापवून तिच्यावरचे धुके घालवणारी सोय) बंद ठेवायचा आणि फिल्मवर स्टिकर किंवा सक्शन कप लावायचा नाही, याचा तर उल्लेखही नाही.

त्या दाराची पूर्ण फिल्म विनामूल्य बदलून द्यावी. कड चिकटवून दिलेली चालणार नाही. जुना गोंद पूर्ण काढून, काच आणि रबराची खाच धुऊनच नवी बसवावी. गाडी परत देताना काचेच्या बटणांवर चिकटपट्टी लावलेली असावी. पत्रक दुरुस्त होईपर्यंत त्याचे वाटप थांबवावे. सुटलेल्या कडेची छायाचित्रे आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. लेखी उत्तर आठ दिवसांत मिळावे.

आपला,
एक ग्राहक