पंतप्रधान महोदय, मूळ रहिवाशांशी करार करण्याच्या वचनाचं काय झालं?

मा. अँथनी अल्बानीझी,
पंतप्रधान, ऑस्ट्रेलिया, कॅनबेरा

स.न.वि.वि.

मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणारी नर्स आहे. मूळची कराडची. आधी काही वर्षं ऑकलंडला होते, आता ऑस्ट्रेलियाची नागरिक आहे आणि तुमच्या पक्षाची मतदारही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं मला मराठीतच धड मांडता येतं आणि इथल्या मराठी माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. भाषांतर करून घेण्याची सोय तुमच्याकडे आहेच.

३१ ऑगस्टच्या रविवारी देशभर स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. त्याच्या पत्रकात आम्हा भारतीयांना नाव घेऊन वेगळं काढलं होतं: शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले, त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले म्हणे. त्याच दिवशी मेलबर्नमध्ये काळ्या कपड्यांतली नाझी टोळी किंग्ज डोमेन बागेतल्या 'कॅम्प सॉव्हरिन्टी' या मूळ रहिवाशांच्या ठाण्यावर चालून गेली आणि तिथल्या माणसांना तिनं मारहाण केली. ती जागा साधी नाही. संग्रहालयात अडकून पडलेले ३८ मूळ रहिवाशांचे अवशेष १९८५ साली तिथे सन्मानानं पुरले गेले. दिवसा आमच्या नावानं घोषणा आणि संध्याकाळी त्यांच्या पूर्वजांच्या मातीवर लाठ्याकाठ्या. एकाच दिवशी, एकाच शहरात.

त्यानंतर तीनच दिवसांनी विरोधी पक्षाच्या सेनेटर जॅसिंटा नंपिजिन्पा प्राइस बोलल्या. तुमचं सरकार मतांसाठी भारतीयांना आणतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्या स्वतः वार्लपिरी या मूळ रहिवासी जमातीतल्या आईच्या पोटच्या. माफी मागितली नाही, शेवटी त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना पदावरून दूर केलं. मला सगळ्यात जास्त ते लागलं. ज्यांच्या जमिनीवर आपण सगळे उभे आहोत त्यांच्यातल्याच एका बाईच्या तोंडून ते यावं!

त्या रविवारी माझी ड्यूटी होती. गणवेश पिशवीत घातला, वर जाड कोट चढवला आणि ट्रेन टाळली. नवऱ्यानं गाडीनं सोडलं. मुलाला दिवसभर घराबाहेर पडू दिलं नाही. वॉर्डात एका आजोबांनी मला हात लावू दिला नाही, "दुसरी पाठवा" म्हणाले. वरच्या बाईंनी समजूत काढली ती माझी, त्यांची नाही. वय झालंय, मनावर घेऊ नकोस. मनावर घ्यायचं नाही हे मी या देशात आल्यापासून ऐकते आहे. नोकरीच्या मुलाखतीत उच्चारावरून ऐकलं, घर भाड्यानं बघताना ऐकलं, मुलाच्या शाळेच्या फाटकात ऐकलं. रात्रपाळी करून तुमच्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, कर भरायचा आणि मनावर घ्यायचं नाही.

पण तेवढंच रडगाणं गायचं असतं तर पत्र लिहिलं नसतं. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा या देशाचे जुने कायदे काढून वाचत बसले.

१९०२ चा कॉमनवेल्थ मताधिकार कायदा तुम्हाला ठाऊकच असेल. स्त्रियांना मत देणारा म्हणून त्याचं फार कौतुक होतं. त्याचंच चौथं कलम सांगतं की ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं नाव मतदारयादीत घालायचं नाही. प्रदेशांपैकी अपवाद एकच, न्यूझीलंड. म्हणजे इथला अॅबोरिजिनल माणूस आणि माझा पणजोबा एकाच ओळीत बाद आणि माओरी माणूस त्याच ओळीत चालला. न्यूझीलंड पुढेमागे आपल्या संघराज्यात येईल अशी आशा होती, आणि तिथले माओरी १८६८ पासून संसदेत बसत होते. त्यांना बाद करून न्यूझीलंडशी बोलणी करता आली नसती.

पुढे १९२४ मध्ये मेलबर्नच्या मिट्टा बुलोश या भारतीय माणसानं कोर्टात जाऊन मत मिळवलं आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांसाठी कायदा बदलला. आम्ही परके, तरी १९२५ ला आत आलो. ज्यांची जमीन, त्यांना केंद्राच्या निवडणुकीत सरसकट मत मिळायला १९६२ उजाडलं. हे आमच्या मराठी मंडळांतही कुणाला माहीत नसतं. मूळ रहिवाशांना संसदेपुढे 'आवाज' देण्याबद्दलच्या २०२३ च्या सार्वमतात कितीतरी ओळखीचे लोक म्हणत होते, हा आपला प्रश्न नाही. एकाच कलमानं बाहेर ठेवलेल्यांचा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

आता हॉब्सन या माणसाकडे येते. आमच्या भागातल्या उपसागराला त्याचं नाव आहे, नगरपालिकेलाही. १८३६ साली कॅप्टन विल्यम हॉब्सन 'रॅटलस्नेक' जहाजातून पोर्ट फिलिपला आला, पहिला दंडाधिकारी लॉन्सडेल याला घेऊन. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन बॅटमननं इथल्या वडीलधाऱ्यांना घोंगड्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ देऊन सहा लाख एकरांचा 'करार' केला होता. ती लबाडीच होती. पण गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला तो लबाडी म्हणून नव्हे. जमीन मुळात राजाची आहे, इथल्या लोकांना ती द्यायचा अधिकारच नाही, म्हणून. आणि हाच हॉब्सन ६ फेब्रुवारी १८४० ला न्यूझीलंडमधल्या वायटांगीत माओरी प्रमुखांपुढे करार घेऊन उभा राहतो! पुढच्या काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रमुखांच्या सह्या होतात. तोच माणूस, तेच साम्राज्य, मध्ये चार वर्षं आणि एक समुद्र. काही काळ तर न्यूझीलंड हा न्यू साउथ वेल्सचाच भाग होता.

तिकडचे गोरे जास्त सज्जन होते, असं मला कुणी सांगू नये. माओरींची संख्या मोठी होती, बंदुका होत्या, सगळीकडे समजणारी एक भाषा होती, आणि १८३५ साली त्यांच्या उत्तरेकडच्या प्रमुखांनी केलेली स्वातंत्र्याची घोषणा ब्रिटननं मान्य केली होती. मूठभर गोऱ्यांना करार केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि केल्यावर तरी पाळला का? १८६३ मध्ये वायकाटो या माओरी मुलुखावर फौज घातली, नुसत्या वायकाटोतच बारा लाख एकर जप्त केले. १८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी करार कायद्याच्या दृष्टीनं शून्य ठरवला. १८८१ साली 'ते व्हिटी' या माओरी नेत्याच्या पारिहाका गावानं सैनिकांचं स्वागत लहान मुलं पुढे बसवून, गाणी म्हणून आणि भाकऱ्या देऊन केलं. तरी गाव उद्ध्वस्त झालं, माणसं तुरुंगात गेली.

पण कागद राहिला. गावाकडे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या शेतात कुणी कितीही वर्षं घुसून बसलं, तरी त्याचा नातू एक दिवस तो उतारा घेऊन कचेरीत उभा राहतो. माओरींनी तेच केलं. १९७५ मध्ये व्हिना कूपर वयाच्या ७९ व्या वर्षी 'ते हापुआ' गावाहून वेलिंग्टनपर्यंत मोर्चा घेऊन चालल्या, त्याच वर्षी वायटांगी न्यायाधिकरण आलं. १९८५ पासून त्याला थेट १८४० पर्यंत मागे जाऊन चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. १९९५ मध्ये वायकाटोची माफी मागणाऱ्या कायद्यावर राणीनं स्वतः सही केली. भरपाई १७ कोटी डॉलर, बारा लाख एकरांपुढे ती काहीच नाही, हे मलाही कळतं. तिथल्या तुरुंगांत आजही निम्म्याहून जास्त कैदी माओरी आहेत, लोकसंख्येत ते १७-१८ टक्के असताना. न्यूझीलंड स्वर्ग नाही. मी तिथे राहून आले आहे.

तरी फरक बघा. गेल्या वर्षी तिथल्या सत्ताधारी आघाडीतल्या अॅक्ट पक्षाचे नेते डेव्हिड सेमर यांनी कराराची तत्त्वं नव्यानं ठरवणारं विधेयक आणलं. नोव्हेंबरमध्ये चाळीस हजारांवर माणसं वेलिंग्टनच्या संसदेपुढे जमली, त्यात माओरी होते, गोरे होते, आमचे ऑकलंडचे शेजारीही होते. तीन लाखांहून अधिक निवेदनं गेली. एप्रिलमध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी विधेयक पडलं. ज्या सत्ताधारी नॅशनल पक्षाच्या मतांवर ते पहिल्या वाचनात पुढे गेलं, त्याच पक्षानं शेवटी विरोधात मतदान केलं. माझी मुलगी तिथल्या शाळेत 'हाका' हा माओरी नाच शिकली, राष्ट्रगीताचं पहिलं कडवं माओरीत म्हणायला शिकली, ते तिला शिकवताना कुणी उपकार केल्याचा आव आणला नाही. इथे मीटिंग सुरू होताना कागदावरून दोन ओळी वाचतात, मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांना वंदन करतात आणि लगेच अजेंडा. आणि यंदाच्या अँझॅक दिनाला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनाला, पहाटेच्या प्रार्थनेत मूळ रहिवाशांनी केलेल्या स्वागताचीसुद्धा हुर्यो उडवली गेली.

तुम्ही लोकांनी करार कितीदा कबूल केलात ते आठवा. १९८८ मध्ये उत्तरेकडच्या बरुंगाला मूळ रहिवाशांनी कराराची मागणी करणारं निवेदन दिलं, तेव्हा तुमच्याच पक्षाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी शब्द दिला, या संसदेच्या मुदतीत करार होईल. नाही झाला. ते निवेदन संसद भवनाच्या भिंतीवर टांगलं आहे. अॅबोरिजिनल लोकांच्या संस्था तुम्ही बनवता आणि मोडता; १९९० ला सुरू केलेली 'अॅटसिक' २००५ ला गुंडाळली. कोठडीतल्या मृत्यूंची १९९१ ची रॉयल कमिशनची चौकशी ९९ मृत्यूंची होती, ३३९ शिफारशी झाल्या. त्यानंतर आणखी ५०० हून अधिक मृत्यू झाले. लोकसंख्येत ४ टक्केही नसलेले लोक तुरुंगात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरलेत. ३३९ शिफारशी वाचल्या कुणी?

मग तुम्ही आलात. २१ मे २०२२ च्या रात्री, निवडून आल्यावर, भाषणाच्या सुरुवातीलाच तुम्ही सांगितलंत की मूळ रहिवाशांच्या मागण्या मांडणारं उलुरूचं निवेदन पूर्णपणे अमलात आणू. पूर्णपणे. म्हणजे संसदेपुढे आवाज, करार आणि सत्यकथन, तिन्ही. मी टीव्हीसमोर होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत पडलं, साठ टक्के 'नाही', सहाच्या सहा राज्यांत. ते पडलं, मान्य. पण लोकांना प्रश्न फक्त आवाजाचा विचारला होता. करार नको, सत्य नको, असं मतपत्रिकेवर कुठे लिहिलं होतं? करार आणि सत्यकथनाचं काम बघणाऱ्या मकारता आयोगाला राज्यघटना बदलावी लागत नाही, साधा कायदा पुरतो. त्यासाठी तुम्ही अंदाजपत्रकात पैसेही ठेवले होते. आणि मूळ रहिवाशांच्या २०२४ च्या गार्मा उत्सवात आयोगाचा विषय बाजूला सारून तुम्ही आर्थिक प्रगतीवर बोललात. ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला, उत्तरेकडच्या वाडेये गावातल्या आणि तिवी बेटांवरच्या ज्या लोकांनी भरभरून 'हो' म्हटलं, त्यांच्यासमोर.

तुमच्या राज्यकारभाराची ही रीतच झाली आहे: माणसाला ताटकळत ठेवायचं. माझी आई कराडला एकटी असते. पालकांच्या साध्या व्हिसाची रांग तुमच्याच खात्याच्या म्हणण्यानुसार तीस वर्षांहून लांब आहे. आई सत्तरीची आहे. लवकर हवा असेल तर माणशी सुमारे ४८ हजार डॉलर भरा, आणि त्यालाही कैक वर्षं थांबा. वडील गेले तेव्हा मी वॉर्डात होते, दुसऱ्याच्या वडिलांच्या उशाशी. हे नियम बनवणाऱ्याला तीस वर्षं हा आकडा लिहिताना काही वाटलं नसेल? पण निदान माझ्या आईचं कुणी काही लुटलेलं नाही, तिची मुलं सरकारनं उचलून नेलेली नाहीत. ज्यांचं सगळं गेलं तेही त्याच दारात उभे आहेत, आणि १७८८ साली इंग्रज इथे उतरले तेव्हापासून.

व्हिक्टोरियाच्या सरकारनं याच महिन्यात कराराचं विधेयक मांडलं आहे, योरूक आयोगाचा सत्यशोधनाचा अहवाल जुलैत आला. चांगलं झालं. पण राज्याचा कायदा किती टिकतो ते क्वीन्सलँडमध्ये दिसलं. २०२३ साली दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर केलेला करारमार्गाचा कायदा सरकार बदलताच २०२४ मध्ये रद्द झाला, आणि सत्यशोधन समिती कामाला लागली न लागली तोच बंद पडली. उद्या इथेही तेच होऊ शकतं. केंद्राचा कायदा असता तर राज्याला असं एका फटक्यात पुसता आलं नसतं. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांवर लोकांनी 'हो' म्हणून मूळ रहिवाशांसाठी कायदे करण्याचा अधिकार कॅनबेराला दिला, तो कशासाठी?

तुमच्याकडे कनिष्ठ सभागृहात १५० पैकी ९४ जागा आहेत. सेनेटमध्ये ग्रीन्स पक्षाला बरोबर घेतलं की बहुमत होतं. अडचण आकड्यांची नाही, मतं जातील या भीतीची आहे. ३१ ऑगस्टला रस्त्यावर उतरलेल्यांना ही भीती दिसते. त्यांना ठाऊक आहे की तुम्ही मागे सरकता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मकारता आयोगाचं विधेयक याच संसदेत आणा. करार आणि सत्यशोधन या दोन्हींची जबाबदारी केंद्राच्या कायद्यात लिहा, म्हणजे कुठल्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला ती खोडता येणार नाही. कॅम्प सॉव्हरिन्टीची जागा तिथल्या लोकांच्या हवाली करायला व्हिक्टोरिया सरकारशी बोला. आणि पालकांच्या व्हिसाच्या त्या तीस वर्षांबद्दल संसदेत उभं राहून उत्तर द्या.

या पत्राचं उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. 'आपल्या भावना पोहोचल्या' असा छापील मजकूर नको. विधेयक कोणत्या अधिवेशनात येणार, तेवढं लिहा. येणार नसेल तर तसं लिहा.

आपली,
पश्चिम मेलबर्नमधली एक मराठी नर्स
सप्टेंबर २०२५