बर्फावरची बिनविरोध निवडणूक

मा. संपादक,
स. न.

हिवाळी ऑलिंपिक आले की क्रीडा पानावर बर्फावरच्या उड्यांचे देखणे फोटो येतात. हा खेळ चालवतो कोण, यावर मात्र ओळही नसते. कोल्हापूरकरांना बर्फाचे काय, असे कुणी विचारेल. पण साखर कारखाने आणि सेवा सोसायट्यांच्या या जिल्ह्याला ‘बिनविरोध’ची गोष्ट तरी नक्की कळेल.

स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगची जागतिक संघटना ‘फिस’. स्थापना १९२४ ची, कारभार स्वित्झर्लंडमधून. मार्क हॉडलर १९५१ ते १९९८ अशी ४७ वर्षे तिचे अध्यक्ष होते. आपले चेअरमनही लाजतील! (सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकची लाचखोरी चव्हाट्यावर आणली ती याच गृहस्थांनी, हेही सांगायला हवे.)

मे २०२२ मध्ये मिलानच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी योहान एलियाश हे एकटेच उमेदवार होते. स्की बनवणाऱ्या ‘हेड’ कंपनीची सूत्रे त्यांनी अनेक वर्षे सांभाळलेली. उमेदवार एकच असतो, हे आपण समजू शकतो. पण तिथे विरोधी मत नोंदवायची सोयच नव्हती. आपल्या मतदान यंत्रावर निदान ‘नोटा’ तरी असतो. काही देशांचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि क्रोएशियाच्या संघटनांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली. यातले पहिले तीन तर या खेळातले मातब्बर देश.

त्याच वर्षी संघटनेच्या नावात ‘स्नोबोर्ड’ आले. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला १९९८ ला, नागानोत. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची संघटना असताना ऑलिंपिक समितीने तो स्कीवाल्यांच्या हाती दिला. त्या काळचा अव्वल खेळाडू, नॉर्वेचा तेर्ये हाकोन्सेन, त्या रागाने नागानोला गेलाच नाही.

पदाधिकाऱ्यांच्या भांडणात खेळाडू कसा भरडला जातो, हे तालमीतल्या पोरांना विचारा. निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. त्यानंतरच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याशिवाय उतरले.

बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता, तोही स्कीइंगमध्येच. तेव्हा विनंती एवढीच : ‘फिस’च्या पुढच्या निवडणुकीत भारताचे मत कोणाला पडले आणि ते कोणी ठरवले, हे क्रीडा पानावर छापा. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

आपला,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर