खांद्याचा पीळ मोबाइलला दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॅडमिंटन किंवा टेनिसचे शिबिर संपले की हल्ली पालकांच्या हाती एक रंगीत अहवाल पडतो. ‘शोल्डर रोटेशन’ अमुक अंश, ‘मनगटाचा झटका’ उत्तम, पुढे हिरवे-लाल ठिपके. हे आकडे कोर्टच्या कडेला उभ्या केलेल्या एका मोबाइलच्या व्हिडिओवरून अ‍ॅपने काढलेले असतात. त्यांवर विसंबून बारा-तेरा वर्षांच्या मुलांची सर्व्हिस बदलली जाते, म्हणून हे पत्र.

वाचकांनी बसल्या जागी एक करून पाहावे. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा आणि तळहात उताणा-पालथा करा. फिरतो तो कोपरापुढचा हात. आता कोपर तिथेच ठेवून मूठ पोटाकडे आणा, मग बाहेर न्या. हा दंडाचा पीळ: पोटाकडे तो आतला, बाहेर तो बाहेरचा. दंडाचे हाड खांद्याच्या उखळीत स्वतःभोवती फिरते आहे. शेवटी हात समोर ताठ धरा आणि पुन्हा तळहात उताणा-पालथा करा. दोन्ही पीळ आता जवळजवळ एकाच रेषेभोवती पडतात आणि दंड किती फिरला, पुढचा हात किती, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.

अ‍ॅपची अडचण नेमकी हीच. त्याला खांदा, कोपर आणि मनगट असे तीन ठिपके मिळतात. कोपर वाकलेले असेल तर तीन ठिपक्यांचा त्रिकोण होतो आणि त्यावरून दंडाच्या पिळाचा अंदाज बांधता येतो. कोपर सरळ झाले की तिन्ही ठिपके एका रेषेत येतात आणि दंड कितीही फिरलेला असला तरी चित्र तेच राहते. सर्व्हिस किंवा स्मॅशमध्ये चेंडू वा शटल लागते त्या क्षणी कोपर जवळजवळ सरळच असते, आणि खांद्याचा पीळ सर्वांत वेगात असतो तोही त्याच सुमारास. तिथे अ‍ॅप जो आकडा छापते तो मोजलेला नसून अंदाजाने भरलेला असतो. न दिसलेला पीळ मग मनगटाच्या खात्यावर जमा होतो. स्मॅशचा वेग मुख्यतः दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या पिळातून येतो. तरी ‘मनगट मार’ ही कोर्टवरची जुनी आरोळी अ‍ॅपमुळे पुन्हा खरी ठरू लागली आहे.

वेगाचे गणित तर सरळ आहे. सिडनीच्या 2000 सालच्या ऑलिम्पिकमध्ये प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रीकरणावरून पुरुष टेनिसपटूंच्या सर्व्हिसमधला दंडाच्या आतल्या पिळाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 2400 अंश निघाला होता. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फ्रेम असतात, म्हणजे दोन फ्रेममध्ये 80 अंश निसटले. स्लो-मोशनच्या 240 फ्रेम घेतल्या तरी प्रत्येक फ्रेममागे 10 अंश. मुलांचा वेग कमी असेल, पण पद्धतीचा दोष तोच राहतो. शिवाय बंदिस्त हॉलमध्ये उजेड कमी असला की मोबाइल शटर सावकाश उघडतो आणि हाताच्या जागी पांढुरका फराटा उमटतो. अ‍ॅप त्या फराट्यात कुठेतरी मनगट ठरवते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 240 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम उजळ तर पुढची काळवंडलेली येते. शटर निदान सेकंदाच्या हजाराव्या भागावर अडकवा आणि तेवढा उजेड नसेल तर चित्रीकरण दिवसा उघड्या कोर्टवर करा.

दंडाला पट्ट्याने सेन्सर बांधणाऱ्यांनीही एक तपासावे. बाजारातल्या बऱ्याच सेन्सरमधला जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, सेकंदाला 2000 अंशांपर्यंतच मोजतो. आलेखाचे शिखर टोकदार न येता कापल्यासारखे सपाट आले, तर वेग त्याच्या आवाक्याबाहेर गेला असे समजायचे. पट्टा कोपराच्या जरा वर बांधावा. खांद्याजवळची कातडी हाडाबरोबर पुरती फिरत नाही, आणि तिथे बांधलेला सेन्सर पीळ कमीच दाखवतो.

प्रयोगशाळेतले मोजमापही आपोआप निर्दोष होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिली चूक फऱ्याची. खांदा म्हणजे एकटा उखळीचा सांधा नव्हे. हात डोक्यावर जातो तेव्हा फऱ्याचे हाड, म्हणजे खांद्यामागचे पाठीवरचे चपटे हाड, बरगड्यांवरून सरकत वर फिरते. ढोबळमानाने 180 अंशांतले 120 उखळीतले आणि 60 फऱ्याचे. फऱ्यासाठी खांद्याच्या टोकावरच्या सपाट हाडावर मार्करचा, म्हणजे कॅमेऱ्यांना टिपता येणाऱ्या खुणांचा, छोटा तिकोना चिकटवतात. हात साधारण 100 अंशांच्या वर गेला की खांद्यावरचा स्नायू फुगून तिकोन्याला ढकलतो आणि फरा सरकल्याचा भास होतो. सर्व्हिसच्या अहवालात ‘बाहेरचा पीळ 170 अंश’ असे वाचून पालक चक्रावतात. तो कोन दंड आणि छाती यांमधला असतो. त्यात फऱ्याचे मागे कलणे आणि पाठीची कमानही मिसळलेली असते. त्याच खेळाडूला टेबलावर निजवून फरा दाबून मोजले, तर उखळीतला पीळ त्याहून बराच कमी भरतो.

दुसरी चूक कोनांच्या क्रमाची. हात पुढे किती, बाजूला किती, मग पीळ किती, या क्रमाने गणित मांडले तर हात बाजूला 90 अंशांवर येताच ते अडते. पृथ्वीच्या ध्रुवावर उभ्या माणसाला रेखांश विचारावा तसे होते, आणि आलेख एका फ्रेममध्ये 180 अंशांची उडी मारतो. सर्व्हिसमध्ये दंड याच उंचीच्या आसपास असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स सोसायटीच्या 2005 च्या शिफारशीत वेगळा क्रम आहे: आधी हात कोणत्या प्रतलात उचलला, मग किती उचलला, मग पीळ. या क्रमातही अडचणीच्या जागा आहेत, पण त्या हात अगदी खाली लोंबताना किंवा थेट आकाशाकडे ताठ असताना येतात. सर्व्हिस त्यातून सुटते.

तिसरी चूक आलेख गुळगुळीत करण्यातली. टेनिसचा चेंडू तारांवर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढाच टिकतो आणि तेवढ्यात रॅकेटला जोराचा धक्का बसतो. फिल्टर सबंध फटक्यावरून फिरवला की तो धक्का मागे पसरतो, आणि खेळाडूने चेंडू लागण्याआधीच हात आखडता घेतला असे दिसते. मग प्रशिक्षक नसलेली चूक सुधारायला बसतो. चेंडू लागण्याच्या आधीच्या फ्रेमवर नोंद तोडायची, आलेख त्याच रोखाने थोडा पुढे वाढवायचा आणि मग फिल्टर लावायचा, हा उपाय फुकटचा आहे.

बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या ताशी 565 किलोमीटरच्या स्मॅशची 2023 मध्ये गिनेसने नोंद केली. शटलचा वेग असा मोजता येतो, कारण शटल उघड्यावर असते. उखळ मांसाखाली असते.

अकादम्यांना खरोखर काही मोजायचे असेल तर साधा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) आणि एक टॉवेल पुरे. मुलाला उताणे निजवा, दंड बाजूला 90 अंशांवर, कोपर काटकोनात, दंडाखाली टॉवेलची घडी. एकाने खांद्याच्या पुढच्या बाजूला तळहाताने हलका दाब देऊन फरा उचलू द्यायचा नाही. दुसऱ्याने हात पायांच्या दिशेने खाली वळवायचा. फरा तळहाताला वर ढकलू लागला की थांबा आणि कोन लिहा. मग डोक्याच्या दिशेने तसेच. मोजणी सरावाआधी करा, कारण खेळून आल्यावर आतला पीळ तात्पुरता कमी भरतो. आणि दर वेळी मोजणारी माणसे तीच असू द्या.

खेळत्या हाताचा आतला पीळ दुसऱ्या हातापेक्षा कमी आणि बाहेरचा जास्त निघाला, तर लगेच घाबरायचे कारण नाही. वाढत्या वयात खेळल्याने दंडाचे हाडच थोडे वेगळे वळते. दोन्हींची बेरीज दोन्ही हातांना सारखी आहे का ते पाहा. बेरजेत 5 अंशांहून जास्त फरक असेल, किंवा आतला पीळ दुसऱ्या हातापेक्षा 18-20 अंशांनी घटला असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोवर डोक्यावरचे फटके कमी करा.

आणि अ‍ॅपचा अहवाल द्यायचाच असेल तर त्याखाली तीन ओळी छापाव्यात: सेकंदाला फ्रेम किती, कॅमेरे किती, आणि कोन छातीच्या संदर्भात मोजला की फऱ्याच्या.

आपले,
क्रीडा-जैवयांत्रिकीत काम करणारे काही वाचक, पुणे