कापाकापीला लेखी मनाई असताना जीपची मोडतोड केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
लाल बहादूर शास्त्री मार्ग शाखा, मुंबई

विषय: १९६४ च्या सीजे-३बी जीपला न सांगितलेले टायर बसवणे, मडगार्ड कापणे व चेसिसला वेल्डिंग करणे याबाबत

महोदय,

माझी १९६४ सालची महिंद्रा सीजे-३बी जीप मी तुमच्या वर्कशॉपमध्ये टायर बदलायला दिली होती. परत मिळाली ती कापलेल्या मडगार्डांची, चेसिसवर वेल्डिंग केलेली आणि सरळ रस्त्यावरही धड न चालणारी. त्याबद्दल ही लेखी तक्रार.

जॉब कार्डवर काम स्पष्ट लिहिले होते: मूळच्या ६.००-१६ टायरांऐवजी ७.००-१६ टायर, जुन्याच सोळा इंची रिमवर. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) घासू नये म्हणून नकलवरचा (पुढचे चाक वळते त्या सांध्यावरचा), वळण अडवणारा स्टॉपर बोल्ट लागेल तेवढा बाहेर घ्यायचा. त्याखाली माझ्या अक्षरात एक ओळ आहे: कापणे नाही, वेल्डिंग नाही, काढलेला एकही भाग टाकून द्यायचा नाही. या ओळीखाली तुमच्या सुपरवायझरची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

मुरबाडकडच्या आमच्या शेतात पावसाळ्यात खोल चाकोऱ्या पडतात आणि मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल (एक्सलवरची गिअरची पेटी) टेकते. ते जमिनीपासून वर घ्यायचे तर टायरच उंच हवा. ७.००-१६ चा टायर मूळ टायरपेक्षा साधारण दोन इंच उंच, म्हणजे डिफरन्शियलखाली एक इंच जास्त जागा. मला तेवढीच हवी होती, कारण त्यासाठी गाडीच्या मूळ अंगाला हात लावावा लागत नाही आणि वाटेल तेव्हा जुने टायर चढवता येतात.

तुम्ही बसवले ते ३१ बाय १०.५, पंधरा इंची टायर, आठ इंच रुंदीच्या नव्या रिमवर. मला फोनसुद्धा केला नाही. एवढा रुंद टायर पाट्यांना घासू लागला म्हणून हबवर चाक बाहेर सरकवणारे स्पेसर आले. चाके बाहेर निघाली, ती मडगार्डला लागू लागली, म्हणून पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या मागच्या कडा गॅस कटरने कापल्या. मग गाडी उंच करायला पाट्यांची टोके चेसिसला जोडणारे शॅकल लांब घातले आणि त्यांच्यासाठी चेसिसवर पट्ट्या वेल्ड केल्या. शॅकल लांब केल्याने बॉडी आणि चेसिस उचलली जाते, डिफरन्शियल होते तिथेच राहते. माझ्या अडचणीचा आणि या कामाचा काही संबंधच नव्हता. बिल मात्र इस्टिमेटच्या जवळजवळ दुप्पट झाले.

गाडी ताब्यात घेऊन निघालो तेव्हा पूर्व द्रुतगती महामार्गावर ती एका लेनमध्ये राहीना. सायनच्या पुलावर सांध्यांवरून जाताना स्टेअरिंग हातातून हिसका मारत होते. या जीपचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळल्यावर चाके आपसूक सरळ होत नाहीत. एक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून कोन परत आणावा लागतो, ही पाटेवाल्या गाडीवर काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. तुमच्याकडे पाचर घातली नाही आणि अलाइनमेंटही तपासली नाही.

ब्रेकची मला अधिक काळजी वाटते. या गाडीला नऊ इंचांचे ड्रम आहेत, ब्रेकला जोर देणारा सर्वो नाही. टायर जितका मोठा आणि जड, तितकी गाडी थांबवायला ताकद जास्त लागते, आणि ड्रम तेवढेच राहतात. ५.३८ गिअर गुणोत्तराचे डिफरन्शियल या टायरवर ४.९५ च्या आसपास असल्यासारखे वागते, त्यामुळे चढावर इंजिन धापा टाकते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ वर असते. या अवस्थेत मी कुटुंबाला घेऊन घाट उतरलो असतो तर काय झाले असते, याचा विचार गाडी सोपवताना कोणी केला होता का?

आणखी एक गोष्ट. या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. तुमच्या माणसाने ते हवेच्या गनने नेहमीच्या दिशेने फिरवले आणि स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) तोडले. तुटलेल्यांच्या जागी सुलट्या आट्यांचे स्टड बसवले आहेत. आता एकाच चाकावर दोन्ही तऱ्हेचे नट आहेत. उद्या रस्त्यात पंक्चर काढणारा कोणीही फसेल.

माझ्या जुन्या रिम भंगारात गेल्या, असे मला काउंटरवर सांगण्यात आले. त्या गाडीबरोबर आलेल्या मूळ रिम होत्या. माझी वस्तू मला न विचारता विकण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

पुढे या जीपची विंटेज नोंदणी करण्याचा माझा विचार आहे. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मनाई केलेल्या कामाची जोखीम तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवली आहे.

माझी मागणी अशी. चेसिसवरच्या पट्ट्या आणि शॅकल काढून मूळ शॅकल बसवावेत. मी पसंत केलेल्या, जुन्या गाड्यांचे पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून मडगार्ड पूर्ववत करून घ्यावेत. डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड परत लावावेत. रिम कुर्ल्यातल्या भंगारवाल्याकडे गेल्या असतील तर तिथून शोधून आणाव्यात, नाहीतर त्याच मापाच्या, त्याच काळातल्या द्याव्यात. ठरलेले ७.००-१६ टायर बसवावेत आणि इस्टिमेटपेक्षा जास्त घेतलेली सगळी रक्कम परत करावी. काम सुरू करण्यापूर्वी हे सर्व कंपनीच्या लेटरहेडवर लिहून हवे. तोंडी आश्वासन मी स्वीकारणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. जॉब कार्ड, बिल, गाडी देण्याआधीचे व नंतरचे फोटो आणि तुटलेले स्टड माझ्याकडे जपून ठेवले आहेत.

जीप सध्या शिवाजी पार्कला घराखाली उभी आहे. ती चालवत तुमच्यापर्यंत आणणे सुरक्षित नाही, त्यामुळे उचलून नेण्यासाठी गाडी तुम्ही पाठवावी आणि येण्याआधी एक दिवस कळवावे.

आपला,
जॉब कार्डवर नोंद असलेला ग्राहक
दादर, मुंबई