लसीनंतरच्या अर्ध्या तासात प्रथमोपचार शिकवा

महोदय,

बाळाला लस टोचली की नर्सबाई सांगतात, ‘अर्धा तास इथेच थांबा, मग घरी जा.’ दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, मग नवव्या महिन्यात, पुढे दीड वर्षाचे झाल्यावर, दर वेळी हा अर्धा तास आईबाप नुसते बसून काढतात. त्या वेळात त्यांना बाळाचे प्रथमोपचार शिकवावेत, एवढीच माझी विनंती आहे.

मी अनेक वर्षे बालरुग्ण विभागात परिचारिका होते. चहाने भाजलेल्या हातावर टूथपेस्ट नाहीतर हळद थापून आणलेली मुले सतत यायची. तो लेप काढताना मूल जे किंचाळते, ते ऐकवत नाही. खरे तर भाजल्याबरोबर हात नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा. बर्फ नको, शाई नको, तूपही नको. तापात झटके आले की कांदा हुंगवतात, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतात. त्याने दात पडतो, जीभ फाटते. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका किती वेळ टिकला ते घड्याळात पाहावे. डॉक्टर तेच आधी विचारतात.

पण सर्वांत मोठी भीती घशात अडकण्याची. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, काहीही पुरते. मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडू लागले, की मग थांबायला वेळ नसतो. घरचे घाबरून घशात बोट घालतात आणि दाणा आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके अंगापेक्षा खाली, जबड्याला आधार. तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्याव्यात. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे आणि निघेपर्यंत हेच आलटून पालटून करत राहावे. इतक्या लहान बाळाचे पोट मात्र दाबायचे नाही. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ला फोन लावावा. श्वास पूर्ण बंद राहिला तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, आणि तेवढ्यात रुग्णवाहिका दारात येईलच असे शहरातसुद्धा सांगता येत नाही. तोवर जे करायचे ते घरातल्यांनाच करावे लागते.

हे वाचून येत नाही, हाताने करून पाहावे लागते. थाप किती जोरात द्यायची, हे बाहुलीवर दिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मोठा खर्चही नाही. प्रत्येक लसीकरण सत्राला सरावाची एक बाहुली आणि शिकवणारी एक प्रशिक्षित सेविका पुरे. मात्र फक्त आईला शिकवून भागणार नाही. दिवसभर बाळ सांभाळते ती आजी किंवा पाळणाघरातली मावशी, त्यांनाही बोलवावे. वडिलांना तर मुद्दाम बोलवावे. सध्या ते बाहेर गाडीपाशी उभे असतात.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा